आबासाहेब आणि वाल्मिकचे तळपाय

हे लिहिण्याचं काम खरं तर माझं नाही. मी शिंपी आहे. उभा जन्म मशिनीवर गेला, आणि लिहिण्याशी संबंध आला तो गिऱ्हाइकाची मापं टिपण्यापुरता. पण मागच्या आठवड्यात आबासाहेब दुकानात आले, बाकावर बसले. मग म्हणाले, "नियाजभाई, माझ्याबद्दल लिहा. नाव बदलू नका. वाल्मिकला विचारलंय, त्याची ना न्हाई."

मी म्हणालो, "परवेझला सांगा की. पेपरात लिहितो तो. मला कुठं जमतंय?"

"परवेझचं गावात कोन खरं मानतंय?" आबासाहेब म्हणाले. "ते मीच करून ठेवलंय न्हाई का."

परवेझ माझा पुतण्या. नगरच्या एका पेपरला आमच्या भागातल्या बातम्या पाठवतो. मी हो म्हणालो. जमेल तसं लिहितो.

आमचं गाव घोडेगावहून सोनईकडे वळलं की रस्त्याला लागूनच आहे. आबासाहेब एस.टी.त कंडक्टर होते. आडव्या बांध्याचे, आवाज असा की मागच्या बाकावरची म्हातारी झोपेतून उठून आपल्या थांब्याला उतरायची. लेकीच्या गावाला जाणारी बाई धावत येताना दिसली की बेल द्यायचे नाहीत, ड्रायव्हर ओरडला तरी. त्यामुळे रिटायर झाल्यावरसुद्धा आबांनी सांगितलं म्हणजे ते खरं, अशी लोकांची सवय राहिली. पंचायतीत वाद झाला, लग्नात मानपान अडला, तरी लोक म्हणायचे, आबाला बोलवा. ही सवय त्यांनाही आवडायची. कुणाला आवडणार नाही?

सकाळी ते कल्याणच्या सलूनमध्ये बसत. तिथे पेपर येतो. कल्याण दाढी करायचा आणि आबासाहेब मोठ्याने पेपर वाचायचे. हवामानाची बातमी आली की त्यांना विशेष रंग चढायचा. 'येत्या दोन दिवसांत मुसळधार' असं छापून आलं आणि पाऊस पडला नाही, तर ते कल्याणचीच कात्री घेऊन ती बातमी कापायचे आणि आरशाच्या कडेला चिकटवायचे. हळूहळू आरशाच्या तीन बाजू भरल्या.

कल्याण म्हणायचा, "आबा, गिऱ्हाइकाला आता नुसतं नाक दिसतं. गाल कुठं बघायचा त्यानं?"

"गाल घरी बघंल. इथं शास्त्रज्ञांची अक्कल बघू दे."

एकदा परवेझने पाण्याच्या टंचाईवर बातमी पाठवली. चांगली होती, चार गावं फिरून लिहिलेली. पण वरच्या लोकांनी तिच्यावर 'तालुक्याचे वाळवंट होणार!' असं मोठ्या अक्षरात टाकलं आणि शेजारी भेगाळलेल्या जमिनीचा फोटो लावला. फोटोत मागे एक उंट उभा होता. तो कुठल्या प्रांतातला होता, अल्लाला माहीत.

आबासाहेबांनी तो पेपर दिवसभर गावात फिरवला. परवेझ दिसला की विचारायचे, "परवेझ, लेका, उंट बांधला कुठं रे? चारा-पान्याचं बघतो ना?" लहान पोरंसुद्धा त्याच्या मोटरसायकलमागे "उंट आला, उंट आला" करत धावायची. परवेझ हसण्यावारी न्यायचा, पण घरी आला की जेवताना मान वर करायचा नाही. हसणाऱ्यांत कधीकधी मीही असायचो.

तरी तो सलूनमध्ये जाऊन आबांशी बोलायचा, सोडायचा नाही. एकदा आबासाहेब म्हणाले, "यांना उद्याचा पाऊस सांगता येईना, आन पन्नास वर्सांनी ऊन किती पडंल ते सांगत्यात!"

परवेझ म्हणाला, "आबा, उद्या कल्याणच्या खुर्चीत कोण बसेल ते सांगता येईल का? नाही येणार. पण दिवाळीच्या आधी इथं गर्दी होणार, हे तर सांगता येतं ना? तसंच आहे ते. एका दिवसाचं चुकेल. पण एकूण ऊन वाढत चाललंय, हे मोजलेलं आहे."

मला वाटलं, पोरगा बरोबर बोलला. तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, "दिवाळी पंचांगात असती, बाबा. तुझं ऊन कुठल्या पंचांगात हाय?"

झालं, सलून हसलं आणि विषय संपला. आबासाहेबांनी उत्तर दिलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं होतं, असं ते आता सांगतात.

आमच्या मारुतीची यात्रा चैत्रात असते. यात्रेला देवाला गंगेच्या पाण्याने अंघोळ घालतात. गोदावरीलाच आमच्याकडे गंगा म्हणतात. प्रवरासंगमाहून पाणी भरायचं, बांबूच्या दोन्ही टोकांना तांब्याचे कलश टांगायचे आणि ती कावड खांद्यावर घेऊन पायी गावात यायचं. वाटेत खांदे बदलतात, पण कावड जमिनीला टेकवायची नाही आणि पायात काही घालायचं नाही. कावडीला बांधायचा भगवा कपडा माझ्या वडलांपासून आमच्याच मशिनीवर शिवला जातो, म्हणून मीही दरवर्षी मागच्या टेम्पोत पाण्याचे जार घेऊन असतो.

पूर्वी कावड रात्री चालायची. पण हायवे मोठा झाला, रात्रीचे ट्रक वाढले, आणि एका वर्षी शेजारच्या गावच्या कावडीत ट्रक घुसता घुसता राहिला. तेव्हापासून पहाटे निघून दिवसा चालायचं ठरलं.

या वर्षी यात्रेच्या आधी उष्णतेच्या लाटेचा इशारा आला. तहसीलचा निरोप होता, दुपारी उन्हात फिरू नका. मारुतीच्या पारावर कमिटीची बैठक बसली, तेव्हा परवेझ तो निरोप मोबाईलवर घेऊन आला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की ऊन चढलं की कुठेतरी मंगल कार्यालयात थांबावं, कावड जमिनीला न टेकवता लाकडी घोडीवर ठेवावी आणि ऊन उतरल्यावर निघावं.

कुणीतरी म्हणालं, "मग गावात यायला अंधार पडंल. डीजेवाला थांबायचा न्हाई."

आबासाहेब उठले. "आमचे बाप चालले, आजे चालले. त्यांना कुठं मोबाईलवर ऊन दिसत हुतं? ऊन काय आत्ता शोध लागलाय व्हय?"

परवेझ म्हणाला, "आबा, ते रात्री चालायचे. आणि कच्चा रस्ता होता, दोन्ही बाजूंनी लिंब होते. आता डांबर आहे."

"काय रे, उंटावर बसून जायचं का मग?"

पार हसला. परवेझ काही बोलायला गेला, पण त्याचे कान लाल झाले होते. तो मोबाईल खिशात घालून खाली बसला. ठरलं, न थांबता चालायचं.

आता वाल्मिकचं सांगतो. वाल्मिक घोडेगावच्या कांदा मार्केटमध्ये हमाल. चाळिशी ओलांडलेला, अंगाने दणकट, बोलायला कमी. मारुतीवर फार भक्ती. गोण्या उचलण्यात त्याला जोड नव्हता, पण एक गंमत होती. चालता चालता त्याची चप्पल पायातून निसटायची आणि त्याला पत्ताच नसायचा. एकदा तो सलूनमधून एकाच चपलेवर घरी गेला. आबासाहेब म्हणाले होते, "वाल्मिकचं लक्ष देवाकडं असतं, पायाकडं न्हाई."

कावड निघाली. सकाळी बरं होतं. हायवेला लागल्यावर ऊन चढलं. आम्ही टेम्पोत, ताडपत्रीखाली. आबासाहेबांचा गुडघा दुखतो, म्हणून ते माझ्याशेजारी बसले होते. पोरं चालता चालता पांढऱ्या पट्ट्यावर पाय ठेवायला लागली, मग रस्त्याकडेच्या वाळलेल्या गवतावर उड्या मारायला लागली. खांदा बदलला की टेम्पोकडे धावत यायची आणि पायावर जार ओतायची. दोघांनी गपचूप मोजे चढवले.

वाल्मिक मात्र डांबराच्या मधोमध सरळ चालत होता. त्याच्या खांद्यावर कावड आली, ती त्याने कुणाला दिलीच नाही. पोरं म्हणायला लागली, अंगात मारुती आलाय.

आबासाहेबांना राहवेना. टेम्पो त्याच्या बाजूला घ्यायला लावला आणि मोबाईल बाहेर काढला.

"बोल वाल्मिक, किती डिग्री हाय?"

"कसली डिग्री, आबा? मला काईच भाजत न्हाई. गार लागतंय."

"ऐका! पेपरवाल्यांना काय सांगशील?"

वाल्मिक लाजून हसला. "काय सांगू? या म्हनावं चालायला."

आबासाहेबांनी तो व्हिडिओ तिथूनच गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'परवेझ पत्रकारांना सप्रेम भेट.' घोडेगाव येईपर्यंत लोकांनी तो पुढे पुढे पाठवला होता. आबासाहेब दर थोड्या वेळाने मोबाईल बघत होते आणि मला दाखवत होते.

वेशीवर बायका कळश्या घेऊन उभ्या असतात. कावड आणणाऱ्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, मग तो देवळात जातो. वाल्मिकचे पाय धुवायला त्याची बायको ज्ञानेश्वरी पुढे आली. डीजे चालू होता. आबासाहेबांनी परत मोबाईल धरला होता, व्हिडिओचा शेवट हवा म्हणून.

ज्ञानेश्वरीने पाणी ओतलं, तळवा हातात घेऊन चोळला आणि तिचा हात थांबला. तळव्याची कातडी सोलून तिच्या बोटांना चिकटून आली होती. खाली लाल, ओलं मांस. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसत होता.

"आवं, तुमाला कळलं न्हाई?"

"काय?"

"पाय बघा तुमचे!"

वाल्मिकने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दुखत न्हाई गं. मारुतीची किरपा हाय."

तिने किंकाळी फोडली, पण डीजेच्या आवाजात ती फक्त जवळ उभे होते त्यांनाच ऐकू आली. आबासाहेबांचा मोबाईल धरलेला हात हळूहळू खाली आला. खांद्यावरची कावड दुसऱ्याने घेतली आणि वाल्मिकला त्याच टेम्पोत घातलं.

सोनईच्या दवाखान्यात पायाला पट्ट्या बांधल्या आणि नगरला न्या म्हणाले. नगरला एक तरुण डॉक्टरीण होती. तिने रक्त तपासलं आणि विचारलं, "शुगर किती वर्षांपासून आहे?"

ज्ञानेश्वरी म्हणाली, "एकदा शिबिरात सांगितलं हुतं. गोळ्या घेतल्या काही दिवस. बरं वाटलं, मग सोडल्या."

"चालताना चप्पल निसटते आणि कळत नाही, असं होतं का यांना?"

आबासाहेब भिंतीला टेकून उभे होते. तेच म्हणाले, "व्हय. व्हतं तसं."

"तळपायाच्या नसा गेल्यात. यांना निखाऱ्यावर उभं केलं तरी समजणार नाही. दोन्ही पायांना खोलवर भाजलंय. उजवा जास्त आहे. वाचवायचा प्रयत्न करतो, पण घोट्यापासून काढावा लागणारच नाही, असं मी आज सांगू शकत नाही."

आबासाहेबांनी विचारलं, "म्हंजे त्याला भाजत हुतं?"

"भाजत होतंच ना, काका. त्यांना कळत नव्हतं."

पाय गेला तर हमाली गेली, आणि हमाली गेली तर त्या घरात दुसरं काही नाही. हे डॉक्टरणीने सांगायची गरज नव्हती.

आबासाहेब परतीच्या एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसले. व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला, मला दाखवला. पण तो तोवर कुठल्या कुठे गेला होता. कुणीतरी त्यावर पट्टी चढवली होती, 'हवामान बदलाचा बाऊ करणाऱ्यांना गावकऱ्याची सणसणीत चपराक.' एका चॅनेलवाल्याने तो दाखवून दोन माणसांची चर्चासुद्धा लावली. दोघेही ओरडत होते. वाल्मिकचे पाय कसे आहेत, हे कुणी विचारलं नाही. त्यांना कुठून माहीत असणार?

दुसऱ्या वेळी आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ, श्रीरामपूरकडचा, मोबाईल बघत हसत होता. आवाज मोठा होता. "कसली डिग्री, आबा? मला काईच भाजत न्हाई."

त्याने मोबाईल आबासाहेबांपुढे धरला. "बघा काका, आपल्याच जिल्ह्यातला गडी हाय. कशी जिरवली बघा!"

वाल्मिक खाटेवरून हळूच म्हणाला, "मीच हाय तो."

तो माणूस हसला, त्याला थट्टा वाटली. वाल्मिकने चादर ओढून पट्ट्या बांधलेले पाय झाकून घेतले. कुणी चोरी पकडावी तसा त्याचा चेहरा झाला होता. लाज वाटायला त्याने काय केलं होतं? आबासाहेब व्हरांड्यात निघून गेले. मी मागे गेलो, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे. मग परत आत आले आणि त्या माणसाला म्हणाले, "व्हिडिओतला आबा मी. आन हे त्याचे पाय. चादर काढ, वाल्मिक."

"राहू द्या, आबा," वाल्मिक म्हणाला. त्याने चादर काढली नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी आबासाहेब माझ्या दुकानात आले. परवेझ होता. ते त्याच्यापुढे उभेच राहिले. "माझी चूक झाली असं छाप. नाव घालून छाप."

परवेझ म्हणाला, "पाठवतो, आबा. पण आतल्या पानावर येईल. तीन ओळी."

"उंट मोठा छापत्यात की!"

"उंट छापला म्हणूनच तर हे झालं." परवेझचा आवाज खाली गेला. "पारावर मी उठून भांडायला पाहिजे होतं. माझ्याकडे निरोप होता, सगळं होतं. पण तुम्ही उंट म्हणालात आणि मला माझ्याच पेपरची लाज वाटली. मी खाली बसलो. त्याचं मी काय छापू?"

मी मशिनीत दोरा ओवत होतो. तो काही ओवला जाईना.

बातमी आली, तीन ओळींचीच. नाव नव्हतं. मग आबासाहेबांनी कल्याणला मोबाईल धरायला लावून स्वतःचा व्हिडिओ काढला. वाल्मिकला शुगर आहे, त्याला कळलं नाही, ऊन खरं होतं, मी टेम्पोत सावलीला बसून बोलत होतो, सगळं सांगितलं. फार कुणी बघितला नाही. ज्यांनी बघितला त्यांतल्या एकाने लिहिलं, 'आबा, किती पैसे घेतले?'

वाल्मिकच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली. पाऊल राहिलं, सध्या तरी. घरी सोडताना डॉक्टरणीने बजावलं, रोज तळपाय बघायचे. जखम, फोड, लाली, काहीही. त्याला स्वतःला कळणार नाही, दुसऱ्या कुणीतरी उजेडात बघायला हवं. पुन्हा चिघळलं तर पाऊल जाईल.

आबासाहेब पहाटे वाल्मिकच्या घरी गेले, तेव्हा मी सोबत होतो. ज्ञानेश्वरी दारात कांद्याच्या गोणीवर बसून डबा भरत होती. नवऱ्याच्या जागी आता ती मार्केटला कांदा निवडायला जाते. आबासाहेबांनी हात जोडले. "पोरी, मला माफ कर."

तिने डब्याचं झाकण लावलं. "माफी कशाला पायजे, आबा? तुमाला झोप लागावी म्हनून?"

आबासाहेबांनी जोडलेले हात खाली घेतले.

"मी सकाळी अंधारातच जाते, रात्रीच येते," ती म्हणाली. "उजेड हुईस्तोवर थांबले तर काम मिळत न्हाई. यांचे पाय बघायला घरात कोन न्हाई. बघनार का तुमी? रोज?"

"बघतो."

"नुसतं बघतो म्हनू नका. हात लावून बघायचं."

तेव्हापासून आबासाहेब रोज सकाळी वाल्मिककडे जातात. सलूनमध्ये बसणं बंद झालं आहे. काल मीही गेलो होतो. वाल्मिक ओट्यावर पाय लांब करून बसला होता. आबासाहेब दुखरा गुडघा धरून खाली बसले, चष्मा चढवला, एकेक पाय मांडीवर घेतला. पूर्वी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्यांची सवय होती. आता वाल्मिकच्या तोंडाकडे बघत नाहीत. वाल्मिकच त्यांना हसवायला बघतो.

"काय म्हनतोय पाय, आबा? बरा हाय ना?"

आबासाहेबांनी टाचेजवळ बोट फिरवलं. तिथे थोडं तांबूस होतं. मला ते काहीच वाटलं नाही. त्यांनी पाय उजेडाकडे वळवला, परत बघितलं, परत बोट फिरवलं.

"बरा वाटतोय," ते म्हणाले. मग थांबले. "पन माझं धरून चालू नको. रात्री ज्ञानेश्वरी आली की दिव्याखाली तिला दाखव. आन नसंल पटत तर उद्या नगरला जाऊ."